घरापासून पंधरा मीटर

...आणि तेही ठळक अक्षरांत! म्हणजे बघा, कंपनीने पत्र पाठवायचं, पहिल्या ओळीत लिहायचं की तुमच्या हायब्रिड गाडीच्या बॅटरीत शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते, दुसऱ्या ओळीत लिहायचं की गाडी अजिबात चार्ज करू नका, तिसरीत लिहायचं की गाडी उघड्यावर, कुठल्याही इमारतीपासून किमान पंधरा मीटर लांब उभी करा, आणि मग खाली जागा सोडून, एकटीच ओळ, ठळक... "काळजीचं कारण नाही." अहो, मग काळजी करायची तरी कशाची? तुम्हाला सांगतो, मी चौतीस वर्षं आमच्या लाकडाच्या कारखान्यात वायरमन होतो. चारी बाजूंना भुसा, आणि मध्ये मी आणि माझ्या तारा. उघडी तार म्हणजे काय, हे मला गाडीच्या कंपनीने शिकवायला नको. आणि चौतीस वर्षांत मी एकदाही, एकदाही कुणाला "काळजीचं कारण नाही" असं म्हटलेलं नाही. मी म्हणायचो, "बाजूला व्हा." लोक बाजूला व्हायचे. संपला विषय.

आता तुम्ही म्हणाल, सिक्स्तेन, त्यात एवढं काय, गाडी लांब उभी कर आणि स्वस्थ घरी बस. बसलो असतो हो! दुसरी कुठली वेळ असती तर बसलोच असतो, गाडीकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण आमची इल्वा घरी आली होती ना बाळंतपणाला. जानेवारीचा महिना, तिला आठ महिने होऊन वर दोन आठवडे गेलेले, आणि जावई कुठे, तर नॉर्वेच्या समुद्रात, पवनचक्कीवर! तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी, अशी त्याची नोकरी. हिशेब असा होता की तो अठ्ठावीसला येणार आणि बाळ तीन फेब्रुवारीला. कागदावर सगळं व्यवस्थित. फक्त बाळाला कागद कुणी दाखवला नव्हता.

आणि इस्पितळ किती लांब? एकशे अठरा किलोमीटर. पूर्वी जवळ होतं, चाळीसवर, इल्वा स्वतः तिथेच जन्मली. पण तिथला बाळंतिणींचा विभाग सहा वर्षांपूर्वी बंद केला, आता त्या खोलीत म्हाताऱ्यांच्या पायांची निगा राखतात. आणि बाळंतिणींसाठी काय? वर्ग! गाडीत बाळंत कसं व्हायचं याचा वर्ग! हसू नका, मी स्वतः जाऊन बसलोय. मी, बायको गुनवोर आणि इल्वा. सुईणबाईंनी कॉफी दिली, दालचिनीचे बन दिले, आणि मग एका खुर्चीला गाडीची मागची सीट समजून तिच्यावर बाहुली जन्माला घालून दाखवली. नाळ कापायची नाही, बाळ आईच्या अंगाशी धरायचं, डोक्याला टोपी, वरून ऊब टिकवायला चांदीचा कागद. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आजोबांचं काम एकच. हीटर पूर्ण सोडायचा आणि तोंड बंद ठेवायचं." मी वहीत लिहून घेतलं. दोन्ही.

म्हणजे कळलं ना तुम्हाला? माझ्याकडे काम एकच होतं. एक चालणारी गाडी आणि तिचा हीटर.

आणि चालणारी गाडी होती हो माझ्याकडे! जुनी डिझेलची, लांबडी, एकोणीस वर्षं वापरली, उणे पस्तीसमध्ये पहिल्या किल्लीला उठायची. पण इल्वा म्हणाली, "बाबा, या धुराने पृथ्वीचं काय होतंय माहितीय का तुला," गुनवोर म्हणाली, "पोरीचं ऐक," आणि घेतली ही हायब्रिड. अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर. आणि जुनी कुणी घेतली? होल्गरने! शेजारच्या होल्गरने!

होल्गरचं सांगायलाच पाहिजे. चार हिवाळ्यांपूर्वी त्याने आपल्या यंत्राने अंगणातला बर्फ उडवला तो नेमका माझ्या सरपणावर. मी काही बोललो नाही. तोही काही बोलला नाही. आमच्याकडे भांडण म्हणजे हेच, आवाज काढायची गरज पडत नाही. तेव्हापासून रोज सकाळी टपालपेट्यांपाशी आम्ही फक्त तापमान बोलतो. तो म्हणतो, "चोवीस." मी म्हणतो, "माझ्याकडे पंचवीस." उणे म्हणायचीसुद्धा गरज नाही, ते गृहीतच. झालं, दोघं आपापल्या घरी. गाडीचा व्यवहार गुनवोरने परस्पर केला. आणि मग रोज सकाळी खिडकीतून मी काय बघायचं? माझी गाडी, त्याच्या अंगणात, पहिल्या किल्लीला सुरू.

तर पत्र आलं. मी मोजपट्टी काढली. गुनवोरला म्हटलं, दुसरं टोक धर. घरापासून पंधरा मीटर मोजले, तर आलो सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या दारात. सौनापासून मोजले तर सरपणाची खोप. खोपीपासून मोजले तर होल्गरचं गॅरेज. त्याच्यापासून मोजले तर एल्कची, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणाची, शिकार सोलायची गावाची शेड. रस्त्यावर ठेवावी तर बर्फ काढणारी गाडी पहाटे चारला येते, ती काही बघत नाही, पुढे येईल ते कडेला. दोन तास आम्ही दोघं उणे बावीसमध्ये पट्टी धरून गावभर. गुनवोर मध्येच थांबून म्हणते, "पक्ष्यांचं लाकडी घरटं म्हणजे इमारत का रे?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, कंपनीला विचार."

म्हणून कंपनीला फोन लावला. तिथे यंत्र. यंत्र म्हणतं, "आपण गाडी इमारतीपासून पंधरा मीटर दूर उभी केली आहे का? हो किंवा नाही म्हणा." आता आमच्याकडे, उत्तरेत, हो कसं म्हणतात? तोंड बारीक करून हवा आत ओढायची. श्यूप! झालं, हो म्हटलं. माझा बाप असाच म्हणायचा, लग्नात पाद्र्यापुढे मीसुद्धा असंच म्हणालो, आणि चाळीस वर्षं ते ग्राह्य धरलं गेलंय. यंत्र म्हणतं, "आपलं उत्तर ऐकू आलं नाही." मी पुन्हा श्यूप. "आपलं उत्तर ऐकू आलं नाही." चार वेळा! शेवटी छाती दुखायला लागली तेव्हा एक खरी मुलगी आली, योसेफिन नावाची, दक्षिणेकडची, आवाजात कायम ऊन पडलेलं. तिला विचारलं, सौना इमारतीत धरतात का? हो. खोप? हो. पक्ष्यांचं घरटं? ती जरा थांबली आणि म्हणाली, "लाकडाची कुठलीही रचना धरा." आणि दुरुस्ती कधी? "नवी बॅटरी यायची आहे, तुमच्या भागातली तारीख लवकरच कळवू. तोपर्यंत चार्ज करू नका. काळजीचं कारण नाही." मी म्हटलं, पोरीचे दिवस भरत आलेत, कधीही निघावं लागेल. ती म्हणाली, "अरे वा, अभिनंदन!"

मग उरलं काय? तळं.

आता तोंड वाकडं करू नका. आमच्याकडे हिवाळ्यात तळ्यावरून गाड्या जातात, ट्रॅक्टर जातात, माझ्या लहानपणी अख्खं घर ओढून नेलेलं मी बघितलंय. मी गिरमिट घेऊन स्वतः चार जागी भोकं पाडली, बर्फ पंचावन्न सेंटिमीटर, दगडासारखा. काठापासून साठ मीटर आत गाडी नेऊन उभी केली. भोवती काहीच नाही. लांबून बघितलं आणि म्हटलं, सिक्स्तेन, तू चौतीस वर्षं उगीच नाही नोकरी केलीस.

एवढंच की गावाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? अहो, कुठल्या तोंडाने सांगू? वायरमनच्या गाडीत विजेचा बिघाड! जन्मभर लोकांच्या घरात जाऊन त्यांच्या वायरिंगला नावं ठेवली मी. कुणाचं एक बटण कधी सरळ बसवलेलं मला दिसलं नाही. त्यांना काय सांगू, माझी गाडी पेट घेईल म्हणून तळ्यावर ठेवलीय? गप्प बसलो. आणि सगळं तिथेच फिसकटलं.

कारण आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही. बघतात, घरी जातात आणि विचार करतात. सिक्स्तेन रोज सकाळी तळ्यावर गाडीत जाऊन अर्धा तास बसतो. मी पेट्रोलचं इंजिन चालवून ती उबदार ठेवत होतो हो! पण गावाने काय ठरवलं? सिक्स्तेनला मासे सापडले. दुसऱ्या दिवशी होल्गर गिरमिट घेऊन हजर, माझ्या गाडीच्या दरवाजाला लागून भोक पाडून बसला. म्हणाला, "सव्वीस." मी म्हटलं, "सव्वीस." तिसऱ्या दिवशी पायाने रेटायच्या घसरगाड्यांवरून पाच म्हाताऱ्या आल्या, रेनडिअरची कातडी अंथरून, थर्मास उघडून, गाडीच्या बंपरला पाठ टेकून बसल्या. बंपरला! आत आग लागायचं बॉम्बगोळ्यासारखं सामान आणि बाहेर पाच विधवा कॉफी पितायत! त्यांना उठा म्हणायचं कसं? तोंडावर बोलायची रीत नाही. म्हणून मी रीतीप्रमाणे चिठ्ठी लावली. "प्रिय मित्रहो, मासेमारीचा आनंद घ्या. मात्र या गाडीपासून पंधरा मीटर अंतर राखावं ही नम्र विनंती." खाली गुनवोरने हसरा चेहरा काढला, म्हणजे कुणाला लागायला नको.

आणि लोकांनी ऐकलं! इथेच तर सगळी मेख आहे, तुम्हाला सांगतो. दुसऱ्या कुठल्या देशात लोकांनी चिठ्ठी फाडली असती, नाहीतर दुर्लक्ष केलं असतं, आणि मी वाचलो असतो. आमच्या लोकांनी पट्टी आणली. पंधरा मीटर मोजले. चौदा नाही, सोळा नाही, पंधरा. आणि बरोबर त्या पंधरावर, गोल, गाडीच्या चारी बाजूंनी, दोन-दोन मीटरवर एकेक भोक पाडून अख्खं गाव बसलं. कारण सिक्स्तेन अंतर राखा म्हणतो म्हणजे मासे आतल्या बाजूला आहेत, आणि कायद्यात राहून जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. सेहेचाळीस भोकं! काठावरून बघितलं तर मध्ये माझी गाडी आणि भोवती भोकांचं रिंगण, टपालाच्या तिकिटाला कसं छिद्रांचं कुंपण असतं, तसं.

आता बर्फावर राहणाऱ्या माणसाला हे बघून काय कळतं? वर गाडीचं दोन टनांचं ओझं, त्यात शनिवारी दिवसभर पडलेला वीतभर नवा बर्फ, सगळं खाली दाबलं जाणार, आणि भोकांतून पाणी वर येणार. मला दिसत होतं. मी खिडकीत उभा राहून बघत होतो आणि मला स्वच्छ दिसत होतं. पण सांगू काय त्यांना? लांब व्हा? ते लांबच होते. मी सांगितलेल्या अंतरावर होते.

रविवारी सकाळी आठला गेलो तर चारही चाकं अर्ध्यापर्यंत बर्फात. वर आलेलं पाणी तसंच गोठलेलं. आत बसून बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, "बॅटरी कमी आहे. कृपया गाडी चार्ज करा." अरे! पत्र म्हणतं करू नकोस, गाडी म्हणते कर, दोघांचा मालक एकच! पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरलेली, पण पेट्रोलच्या इंजिनाला जागं करायला बॅटरी, आणि बॅटरीला जागं करायला चार्जिंग. पहार आणली आणि चाकांभोवती खणायला लागलो. खणलं की खड्ड्यात पाणी, पाणी की पुन्हा बर्फ.

नऊला नाश्त्याला घरी गेलो. इल्वा खिडकीशी उभी, दोन्ही हात कमरेवर. चेहरा मला बरा दिसला नाही. म्हणाली, "बाबा, गाडी ठीक आहे ना?"

आणि मी काय म्हणालो असेन? सांगा ना, काय म्हणालो असेन? मी, सिक्स्तेन, चौतीस वर्षांत एकदाही न म्हटलेलं, माझ्या पोटच्या पोरीला, तोंड भरून म्हणालो, "काळजीचं कारण नाही."

शब्द बाहेर पडले आणि मला त्या पत्र लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा दिसला. तोही असाच उभा असणार, खिशात हात घालून, बाहेर काय रुतलंय ते पक्कं माहीत असलेला. मला माझीच लाज वाटली. पण खरं बोलायला तोंड उघडलं का? नाही. एक पाव गिळला आणि पुन्हा तळ्यावर पळालो.

दहा वाजता गाव यायला लागलं. आपापल्या भोकाशी बसले. मी मध्ये पहारीने खणतोय, घामाने शर्ट ओला आणि वर गोठतोय, आणि सेहेचाळीस माणसं बघतायत. कुणी पुढे आलं नाही. कसं येणार? चिठ्ठी लावलेली होती ना! एक म्हातारी थर्मास उंच करून दाखवत होती, कॉफी हवी का म्हणून, तीही पंधरा मीटरवरून.

सव्वाअकराला सूर्य झाडांच्या वर आला आणि काठावर गुनवोर दिसली. हातात वर्गात सांगितल्याप्रमाणे भरलेली पिशवी, तीन टॉवेल, टोपी आणि चांदीचा कागद. तिने काही आरडाओरडा केला नाही. फक्त पिशवी वर केली. मी पहार टाकली आणि धावत काठावर गेलो. ती म्हणाली, "कळा दर सहा मिनिटांनी येतायत. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती शहरातून आत्ता निघतेय, दीड तास लागेल. म्हणाले, तुम्हीही निघा, वाटेत भेटू. गाडी काढ."

मी म्हटलं, "गाडी निघत नाही."

"म्हणजे?"

"आठ वाजल्यापासून निघत नाहीये."

तिने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं दोनदाच बघितलंय. मग म्हणाली, "मग होल्गरकडे जा."

होल्गरकडे! अहो, चार हिवाळे! आमच्याकडे माणूस मरेल पण मागणार नाही, घरात साखर संपली तर आठवडाभर फिकी कॉफी पिऊ पण शेजारच्या दारात वाटी नेणार नाही. पण वरती घरात माझी पोर खिडकीची चौकट धरून उभी होती. रिंगणाच्या कडेकडेने चालत होल्गरच्या भोकापाशी गेलो. तो गळाकडे बघत बसलेला. मान वर न करता म्हणाला, "सत्तावीस."

आणि मी सत्तावीस म्हणालो नाही. मी म्हणालो, "होल्गर, इल्वाला कळा सुरू झाल्यात. माझी गाडी रुतलीय. तिच्या बॅटरीत बिघाड आहे, कंपनीने परत बोलावलीय, म्हणून ती इथे ठेवली होती. इथे मासे नाहीत. मला तुझी गाडी पाहिजे."

सगळ्यांनी ऐकलं. तळ्यावर आवाज लांब जातो. होल्गरने पाण्याकडे बघितलं. मग माझ्या रुतलेल्या गाडीकडे. मग हवा आत ओढली. श्यूप.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग तो गळाची दोरी गुंडाळायला लागला! नीट, एकावर एक, गाठ न पडू देता! मी मनात म्हणतोय, अरे टाक ती दोरी, टाक! पण नाही. दोरी गुंडाळली, आमिषाची डबी बंद केली, भोकावर फळी ठेवली, कुणाचा पाय जायला नको म्हणून. मग उठला, आणि उठल्यावर मात्र असा पळाला की मला गाठवेना.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. काय सांगू तुम्हाला तो आवाज! होल्गर चालवायला, कारण गाडी त्याची. मी शेजारी घड्याळ धरून. मागे गुनवोर आणि इल्वा. पाच मिनिटं. मग चार. रस्ता पांढरा, दोन्ही बाजूंना झाडं, आणि होल्गर पाटीवर ऐंशी लिहिलंय म्हणून ऐंशीने. मी म्हटलं, "होल्गर, जरा..." तो म्हणाला, "बर्फ आहे." बरोबर होतं त्याचं. सुईणबाईंचंही बरोबर होतं, तोंड बंद ठेवायचं. ठेवलं.

एक्केचाळीसाव्या किलोमीटरला वळण घेतलं आणि समोर रस्ताभर रेनडिअर. पन्नास-साठ असतील. रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटत उभे. हॉर्न वाजवला तर ते पळतात, पण रस्त्यानेच, गाडीच्या पुढे पुढे, मैलभर. होल्गर खाली उतरला आणि त्यांच्यात शिरून हलक्या आवाजात काहीतरी बोलायला लागला. माझ्याशी चार वर्षांत बोलला नसेल इतकं.

मागून गुनवोर म्हणाली, "इल्वा, जोर येतोय का?"

इल्वाने हवा आत ओढली. श्यूप.

आता हे हो, की नुसती कळ? गुनवोर माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. सगळं आयुष्य आम्ही हवा आत ओढून हो म्हणत आलो, आणि नेमकं हवं तेव्हा कळेना! इल्वाने माझ्या सीटच्या पाठीला गच्च धरलं, इतकं की माझं डोकं मागे ओढलं गेलं, आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "हो. आत्ता."

गुनवोर म्हणाली, "हीटर." एवढंच.

आणि माझा हात गेला. बघावं लागलं नाही. एकोणीस वर्षं ते बटण माझ्या बोटांना पाठ, तिसऱ्या खाचेवर जरा अडतं, तिथे आत दाबून फिरवायचं. फिरवलं. आणि त्या म्हाताऱ्या गाडीने असा ऊन वारा सोडला की काचेवरचा बर्फ वितळून ओघळायला लागला. मी समोर बघत बसलो. मागे काय चाललं होतं ते मी सांगणार नाही, ते त्या दोघींचं. पण एक क्षण असा आला की मागून कुणाचाच आवाज नाही. गुनवोरचा नाही, इल्वाचा नाही, आणि तिसरा... तिसरा यायला पाहिजे होता तोही नाही. मी डिझेलचा आवाज ऐकत बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्या इंजिनाचा मला राग आला, म्हटलं, गप बस, मला ऐकू दे.

आणि मग ऐकू आलं. असलं कडक की रेनडिअरांनी माना वर केल्या आणि सगळे एका दमात जंगलात. होल्गर रिकाम्या रस्त्यावर एकटाच उभा, हात अजून पसरलेले.

मुलगी झाली. टोपी घातली, चांदीचा कागद पांघरला. ॲम्ब्युलन्स वीस मिनिटांनी समोरून आली, आणि तिच्यातून तीच वर्गातली सुईणबाई उतरली. मी गाडीच्या दाराशी उभा. तिने आत वाकून बघितलं, बाळाची छाती ऐकली, इल्वाची नाडी बघितली, बराच वेळ. मग माझ्याकडे वळून हसून म्हणाली, "आजोबा, काळजीचं कारण नाही."

आणि मी काय केलं? अहो, पाय आपोआप हलले! मागे वळलो आणि रस्त्याने चालायला लागलो, एक, दोन, तीन, चार... मोजत. तोंडाला हात लावून, डोळ्यांतून पाणी, आणि पावलं मोजतोय. थांबलो आणि वळलो. गाडीशेजारी होल्गर उभा होता. म्हणाला, "चौदा झाली."

मी आणखी एक पाऊल मागे गेलो.

तर असं. नात बरी आहे, गुटगुटीत झालीय, हवा आत ओढायला अजून शिकली नाही. जावई आला, पोरीला छातीशी धरून दोन दिवस रडला. होल्गरला मी सरपणाचा एक ढीग रचून दिला, त्याने तो स्वीकारला आणि काही बोलला नाही, म्हणजे मिटलं.

आणि गाडी? गाडी तळ्यावरच आहे. ओढून नेणाऱ्या ट्रकचा चालक काठावर आला, बर्फाकडे बघितलं, म्हणाला, माझा ट्रक अकरा टनांचा आहे, आणि गेला. करवतीने बर्फ कापावा तर बॅटरी नेमकी गाडीच्या तळाशी, करवत घालणार कोण? म्हणून योसेफिनला फोन केला. या वेळी हो तोंडाने म्हटलं, पहिल्याच फटक्यात लागला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आत्ता गाडीच्या पंधरा मीटरच्या आत काहीच नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग उत्तम आहे की! तिथून हलवू नका. आमचा माणूसच तुमच्याकडे येईल, चौदा मेला, सकाळी दहा वाजता."

चौदा मे! आता आमच्या गावात दर वसंतात एक रिकामं पिंप तळ्यावर ठेवतात आणि ते कुठल्या दिवशी बुडेल यावर सगळे चिठ्ठ्या भरतात. ज्याचा दिवस बरोबर येईल त्याला एल्कची धुरी दिलेली अख्खी मांडी. गेली वीस वर्षं बर्फ नऊ ते सतरा मेच्या मध्ये जातो. गेल्या आठवड्यात गावाच्या सभेत चिटणीसबाई उठल्या आणि म्हणाल्या, यंदा पिंप ठेवायची गरज दिसत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? श्यूप.

मी तेरा तारीख भरायला गेलो तर ती होल्गरने आधीच घेतलेली. म्हणून बारा भरली. गाडी गेली तर गेली, मांडी तरी घरात येईल. काल संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या शेजारी मासे धरत बसलो होतो. मासे नाहीतच तिथे, पण बसलो होतो. मी विचारलं, होल्गर, इथे खोली किती असेल रे? त्याने दोरी सोडली, सोडली, तळाला टेकवली, आणि हाताहाताने मोजत वर ओढली.

"पंधरा मीटर," होल्गर म्हणाला.

म्हणजे बुडाली तरी नियमातच आहे. मी तसं योसेफिनला कळवून टाकलंय, म्हटलं... काळजीचं कारण नाही.